चार तास थांबूनही ‘खूप चांगलं’

घरोघरच्या आरोग्य पाहणीची पूर्वचाचणी चालू होती. संध्याकाळी भरून आलेले फॉर्म तपासताना एका बाईंचा फॉर्म हाताशी आला. थांबावं लागण्याबद्दलचं मत: ‘खूप चांगलं’. दोनच ओळी खाली, नोंदणीपासून डॉक्टरांसमोर जाईपर्यंत लागलेला वेळ: २४० मिनिटं. तपासताना पडदा होता का? नाही. गोळ्या कशाच्या ते सांगितलं का? नाही. एकूण समाधान: १० पैकी ९.

सर्वेक्षकाने घाईत काहीतरी भरलं असावं असं समजून पर्यवेक्षकाने तो फॉर्म बाजूला काढला होता. फेरभेटीत एकेक उत्तर तसंच निघालं. बाईंचं म्हणणं साधं होतं: मागच्या खेपेला नंबरच लागला नव्हता, या वेळी निदान डॉक्टर भेटले.

समाधानाच्या आकड्यात मिळालेली सेवा आणि मनातली अपेक्षा यांची सरमिसळ असते. जिथे लोकांनी अपेक्षा ठेवणंच सोडलंय, तिथे वाईट सेवेलाही भरघोस गुण पडतात. अशा आकड्यांवरून दोन भागांची तुलना केली तर जिथे सुधारणा सर्वांत जास्त हवी, तोच भाग यादीत वर दिसतो. दवाखान्याच्या दारात विचारलं तर आणखी फसगत होते: उद्या त्याच डॉक्टरांकडे यायचं असतं, म्हणून माणूस वाईट बोलत नाही. मुलाखत घरी, काही दिवसांनी, शेजारीपाजारी नसताना घ्यावी ती यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या अहवालात आरोग्यव्यवस्था लोकांशी कशी वागते हेही मोजलं होतं. पण त्यासाठी ३५ देशांतल्या जाणकारांची मतं घेतली आणि उरलेल्या देशांचे आकडे अंदाजाने काढले. त्यावर रास्त टीका झाली. पुढच्या पाहण्यांत सामान्य माणसांनाच विचारलं गेलं, आणि तेही आठ अंगांनी: सन्मानाची वागणूक, निर्णयात सहभाग, गुप्तता, समजेल असं बोलणं, वेळेवर दखल, जागेची स्वच्छता व सोयी, नातेवाइकांची सोबत आणि डॉक्टर निवडण्याची मुभा.

अपेक्षेचा परिणाम वेगळा काढायला छोटे काल्पनिक प्रसंग वापरतात. ‘एका बाईला ताप आहे. तिला अर्धा तास थांबावं लागलं. हे कसं वाटतं?’ मग दोन तासांचा प्रसंग, मग दिवसभराचा. मोजपट्टी तीच, ‘खूप चांगलं’पासून ‘खूप वाईट’पर्यंत. स्वतःच्या अनुभवाला दिलेलं उत्तर या तीन प्रसंगांच्या वर, खाली, मध्ये की बरोबरीने बसतं ते पाहायचं. तीन प्रसंगांतून सात स्थानं मिळतात. या बाईंनी दोन तासांच्या प्रसंगालाही ‘खूप चांगलं’ म्हटलं आणि कोडं तिथेच सुटलं. मात्र सर्वेक्षकाने प्रसंग आपल्या शब्दांत रंगवून सांगितला, की सगळं वाया जातं. तो छापलाय तसाच वाचायचा.

त्याच गठ्ठ्यातला दुसरा फॉर्म मला जास्त बोचला. ‘वर्षभरात उपचारांची गरज पडली का?’ ‘नाही’ म्हणून पुढचं पान कोरं. उत्तर मुलाने दिलं होतं, आईच्या वतीने. आईशी स्वतंत्र बोलल्यावर कळलं, रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी कधीच्या बंद केल्या होत्या, खर्च नको म्हणून. गरज पडली का असं थेट विचारलं, की अंगवळणी पडलेलं दुखणं कोणी सांगत नाही. आधी जुने आजार विचारायचे, मग चालू औषधं, मग बंद केलेली, आणि शेवटी कारण: पैसा, अंतर, रांग, बुडणारी मजुरी, सोबत कोणी नसणं, की विश्वास उडालाय. वतीने दिलेलं उत्तर घ्यायचं नाही. घरातल्या प्रौढांची यादी करून कोणाला विचारायचं ते चिठ्ठीसारखं ठरवायचं, आणि ती व्यक्ती नसेल तर वेगळ्या वेळी पुन्हा जायचं. दुपारी जो भेटेल त्याला विचारत गेलं, तर कामावर गेलेले सगळे निसटतात.

या आईंचा आरोग्यावरचा खर्च शून्य दिसतो. कुटुंबाच्या एकूण खर्चातला १० टक्क्यांहून जास्त भाग उपचारांवर गेला तर तो अतिभार, या प्रचलित निकषाने त्या सुरक्षित ठरतात. गोळ्या सोडणाऱ्याला सुरक्षित म्हणणारा आकडा एकट्याने वाचणं मला धोक्याचं वाटतं.

नमुन्याचं गणितही इथेच अडतं. ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं तर ३८४ माणसं लागतात. सुटी माणसं न निवडता वस्त्यांचे गट निवडले, आणि एका वस्तीतल्यांची उत्तरं बरीचशी सारखी असतात, म्हणून साधारण दुप्पट, ७६८. पाचातला एक नकार देईल असं धरून ९६०. पण अनुभवाचे प्रश्न सेवा घेतलेल्यांनाच लागू. ते निम्मेच असले तर त्या प्रश्नांसाठी संख्या पुन्हा दुप्पट करावी लागते, आणि बजेट पाहून नेमकी हीच पायरी गाळली जाते.

एकूण समाधानाचा प्रश्न आम्ही प्रश्नावलीतून काढला नाही. तो आकडा एकटा छापायचा नाही, एवढं ठरलं: त्याच तक्त्यात शेजारी थांबण्याची मिनिटं आणि उपचार टाळलेल्यांचं प्रमाण, कारणांसकट.