गाण्यात कशी आले?

कार्यक्रम संपून हार-नारळ आवरत असते तेव्हा कुणीतरी विचारतंच, "ताई, गाण्यात कशा आलात? गुरू कोण?" आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, "बेळगावच्या मातीतच गाणं आहे म्हणा!" 1924 साली कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, हे खरं. पण तेही पोरवयातच मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला गेले. माती इथंच राहिली. आणि मी तर निपाणीची. आमच्या मातीत तंबाखू.

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, ओळीनं चार-पाच बाया. एकीनं ओवी काढायची, बाकीच्यांनी उचलायची. दोरा गुंडाळताना सूर लांबायचा, गाठ बसली की तुटायचा. माझा श्वास अजून तिथंच तुटतो. संध्याकाळी विठ्ठल मंदिरात भजन असायचं. पेटीवाले मास्तर काळी चारची पट्टी धरून मला गायला लावायचे. शिक्षण म्हणाल तर एवढंच.

1993 च्या उन्हाळ्यात चिकोडीकडच्या एका जत्रेत ऑर्केस्ट्राची गायिका आलीच नाही. मास्तरांनी मला उभं केलं. तिकडं निम्म्या फर्माइशी कन्नड. मला कन्नड बाजारहाटापुरतं यायचं, वाचता येत नव्हतं. मग ढोलकीवाल्याकडून शब्द ऐकून वहीत देवनागरीत उतरवले. आता गंमत बघा, कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या लिपीत दोन्हींना एकच मात्रा. 'कोडु'मधला ओ आखूड म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. मी आळवून आळवून देवाकडं शिंगच मागत राहिले! पुढं बसलेल्या एका अज्जांनी हसत चिमूट दाखवली, एवढुसा म्हण. तेव्हापासून वहीत आखूड ओ आला की डोक्यावर टिंब देते. गुरू विचारता ना, मग ते अज्जाही त्यात धरा.

पुढं कोल्हापूरला भक्तिगीतांच्या कॅसेटी. आधी कोरस, मग दोन गाणी एकटीची. कव्हरवर माझं नाव नव्हतं. "पुढच्या खेपेला छापू," म्हणाले. ती खेप काही आली नाही.

त्या जत्रेचे 75 रुपये मात्र पहाटे घरी येऊन आईच्या हातावर ठेवले होते. तिनं नोटा दोनदा मोजल्या.

"रातभर उभ्यानं गायलीस व्हय?" म्हणाली. "पाय दुखत असतील की गं."