तुम्ही विचारलंत म्हणून : अलाइनर लावले, तर चहाचं काय?

माझ्या दातांवर काहीतरी चमकतंय हे लक्षात आलं की लोक आधी दोन मिनिटं भलतंच काहीतरी बोलतात. मग हळूच विषय निघतो. "ते पारदर्शक अलाइनर ना? त्याने खरंच सरळ होतात का हो दात? आमच्या लेकीला लावू का?" स्टाफरूममध्ये झालं, हळदीकुंकवाला झालं, परवा तर भाजीवाल्या मावशींनीही विचारलं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

होतात. अलाइनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारा, काढता-घालता येणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. पुढचे दात थोडेफार एकमेकांवर चढलेले असतील, मध्ये फट असेल, किंवा लहानपणी तार लावून सरळ केलेले दात पुन्हा सरकले असतील, तर छान होतात. फक्त अलाइनर तोंडात असेल तेवढाच वेळ काम करतो, आणि डॉक्टर त्यासाठी दिवसाचे २० ते २२ तास मागतात. पैशांचा विचार सगळे करतात, या तासांचा कुणी करत नाही.

हिशेब मांडून बघा. २२ तास गेले, उरले दोन. नाश्ता आणि दोन जेवणं धरली, प्रत्येकाला अर्धा तास दिला, म्हणजे अलाइनर काढणं, खाणं, दात घासणं, अलाइनर धुऊन परत चढवणं हे सगळं त्यातच, तर दिवसभराच्या चहाला राहिला अर्धा तास. आता आपला चहा आठवा. उठल्याउठल्याचा, अकराचा, चारचा, कुणी आलं म्हणून, आपण कुणाकडे गेलो म्हणून. अलाइनर घालून तो घेता येत नाही. उष्णतेने प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो, त्यावर रंग चढतो. शिवाय गोड चहा दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये साठून राहतो. एरवी लाळ दात सतत धूत असते, इथे तिला आत शिरायलाच फारशी जागा नाही. कीड लागायला याहून चांगली सोय ती कोणती! अलाइनर असताना बिनधास्त प्यावं ते साधं पाणी.

मग मी चहा जेवणाला आणि नाश्त्याला जोडून टाकला. चार वाजता सहकाऱ्यांच्या कपांकडे बघत बसायची सवय झाली. सर्वांत अवघड गेली ती चुलत सासूबाईंची "अगं, घोटभर तरी घे". त्या घोटभर चहासाठी न्हाणीघरात जा, दोन बोटांनी अलाइनर सोडवा, डबीत ठेवा, चहा प्या, चूळ भरा, परत बसवा. त्यापेक्षा "डॉक्टरांनी मनाई केलीय" म्हटलेलं बरं, त्यावर आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. येताजाता डब्यातले शेंगदाणे तोंडात टाकणं बंद झालं, आमटीचं मीठ बघायला नवऱ्याला हाक मारावी लागते. त्याला सगळंच बरोबर लागतं, ही वेगळी अडचण.

तासांवर एवढा जोर का, तेही सांगते. दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. दातावर मंद पण सतत दाब राहिला, तर ज्या बाजूला तो ढकलला जातो तिथलं हाड विरघळतं आणि मागे रिकाम्या झालेल्या बाजूला नवं भरतं. असा दात सरकतो. एका अलाइनरच्या वाट्याला साधारण पाव मिलिमीटर येतो, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा. दाब तासन्‌तास सुटत राहिला तर दात मागे रेंगाळतो आणि पुढचा अलाइनर नीट बसेनासा होतो. नवा चढवला की दोन दिवस ठणकतं, म्हणून तो मी रात्री झोपताना बदलते.

कल्पना तशी जुनी आहे. १९४५ मध्ये केसलिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने रबराचा साचा वापरून दातांची शेवटची किरकोळ हालचाल करून दाखवली होती. साच्यांची मालिका केली तर जास्तही सरकवता येतील, हेही त्याला दिसत होतं. पण प्रत्येक टप्प्यासाठी प्लास्टरचे दात कापून मेणात हाताने नव्याने मांडायचे, हे कोण करणार? ते काम पुढे संगणकाने केलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेल्या झिया चिश्ती यांनी मोठेपणी ब्रेसेस, म्हणजे दातांच्या तारा, लावल्या होत्या. त्या निघाल्यावर मिळालेला रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, काही दिवस घातला नाही की दात हलायचे आणि परत घातला की जागेवर यायचे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून १९९७ मध्ये केल्सी वर्थ यांच्यासोबत कंपनी निघाली आणि तिचे 'इनव्हिसलाइन' नावाचे अलाइनर आले. २०१७ पासून त्या कंपनीची सुरुवातीची पेटंटं संपत गेली, तेव्हापासून बाजारात इतक्या कंपन्या दिसतात.

'दिसतच नाहीत' ही जाहिरात अर्धी खरी. दात वळवायचा किंवा खाली ओढायचा असेल तर गुळगुळीत दातावर अलाइनरची पकड बसत नाही. म्हणून दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. माझ्या सुळ्यांवर ते तीळ चिकटल्यासारखे दिसतात. अलाइनर काढल्यावर ओठांना टोचतातही. जागा करायला कधी दोन दातांमधलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, किंचित घासतात. दुखत नाही, पण एनॅमल परत येत नाही, तेव्हा किती घासणार हे आधी विचारा. पहिले काही दिवस 'स' आणि 'च' घसरतात. वर्गात मुलं हसली, मग विसरली. हळदीचा पिवळेपणा मात्र अलाइनरला लगेच धरतो. आणि लग्नात जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. वाढपी कचरा समजून उचलतात, ते बरोबरच आहे त्यांचं.

लेकीबद्दल विचारणाऱ्यांना माझं मत जरा रुक्ष वाटतं. कंपास हरवणाऱ्या, पाण्याची बाटली शाळेत विसरणाऱ्या मुलीला काढता येणारी वस्तू देऊ नये. तार दातांना चिकटलेली असते, ती विसरायची सोयच नाही. दाढा काढून मोठी जागा भरायची असेल, सुळ्यांमागच्या गोल उपदाढा बऱ्याच वळवायच्या असतील, तिथे अजूनही कित्येक डॉक्टर ब्रेसेसच पसंत करतात. जबडाच मागेपुढे असेल तर मोठ्या माणसाला नुसत्या अलाइनरने ते जमत नाही.

घरी किट मागवून, डॉक्टरला न भेटता करायचे अलाइनर मी कुणालाच सुचवत नाही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी हेच करायची. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेली माणसं तशीच लोंबकळली. एक्स-रे काढल्याशिवाय मुळं कशी आहेत, हाड किती आहे, कळत नाही. हिरड्या सुजलेल्या असताना दात हलवणं म्हणजे हलणारे दात आणखी हलवणं. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, एमडीएस केलेल्या माणसाकडे जा, आणि संगणकावर शेवटचं हसू दाखवलं की लगेच भारावू नका. तो फक्त बेत असतो. दात कधीकधी ऐकत नाहीत, मग मध्येच पुन्हा स्कॅन करून जादा अलाइनर लागतात.

आणि संपल्यावर संपत नाही. नवं हाड पक्कं व्हायला वेळ लागतो, हिरडीतले ताणलेले तंतू दाताला मागे ओढत राहतात. म्हणून रिटेनर, आधी जवळजवळ दिवसभर आणि पुढे रोज रात्री. "किती वर्षं?" असं विचारलं तर माझे डॉक्टर म्हणाले, "दात सरळ हवेत तितकी वर्षं." रिटेनरही झिजतो, तडकतो, नवा करावा लागतो. तेव्हा पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा : जादा अलाइनर आणि पहिला रिटेनर ठरलेल्या रकमेत धरलेत का. हो म्हणाले तर ते पावतीवर लिहून घ्या.