किसमूर, काकडी आणि जिन्यातली चिठ्ठी

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात चिठ्ठी लागली. खाली सही नाही, शेवटी एक हसरा चेहरा. ‘मासे तळताना कृपया शेजाऱ्यांचा विचार करावा.’ तीन मजल्यांत मासे तळणारं घर एकच, त्यामुळे नाव घालायची गरजच नव्हती.

तोंडावर काही बोलायचं नाही, चिठ्ठी चिकटवायची, ही स्वीडनमधल्या गोथेनबर्गची तऱ्हा. अशा चिठ्ठीला स्वीडिशमध्ये ‘आरगा लापेन’ म्हणतात, म्हणजे रागावलेली चिठ्ठी. वॉशिंग मशीनची जाळी साफ केली नाही, चिठ्ठी. सायकल आडवी लावली, चिठ्ठी. वेंगुर्ल्यात वास गेला की शेजारीण दारात येते, ‘काय गो, बांगडे गावले?’ म्हणते आणि दोन तुकड्या घेऊन जाते. आणि मला वासाचं सांगणार कोण, तर ऑगस्टमध्ये आंबवलेल्या हेरिंग माशाचे फुगलेले डबे फोडणारा देश! (खरं सांगायचं तर ते डबे मोकळ्यावर फोडतात, आणि ती आवड मुख्यतः उत्तरेकडची. पण चिठ्ठी वाचली त्या दिवशी एवढा न्याय करायची माझी तयारी नव्हती.) मुंबईत भाड्याने घर बघताना ‘नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न आम्ही किती वेळा ऐकला, ते मात्र मी इथे कोणाला सांगत नाही.

नेमकं शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसचे आठजण यायचे होते. पाच ते सात. हो, निघायची वेळही आमंत्रणातच. त्यातले दोघे पाव, बटाटा, साखर काहीच खात नाहीत. म्हणजे रवा लावलेला बांगडा दोन्हीकडून बाद.

इथले थंड मासे मांडावेत म्हटलं, तर त्यात साखरच साखर. सणाची हेरिंग मुरवायचं पाणी करताना एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. ग्रावलाक्सला, म्हणजे मुरवलेल्या कच्च्या साल्मनला, मिठाबरोबर साखर चोळायची, वर गोड मोहरीचा सॉस. आमच्या माशांत साखर कधी पडली नाही, हे मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

मग किसमूर आठवली, सुक्या माशाची कोशिंबीर. सुका बांगडा भाजायचा तर पुन्हा चिठ्ठी, म्हणून फेस्केशोर्कात गेले. १८७४ सालचा हा मासळीबाजार बाहेरून थेट चर्च दिसतो. तिथून धुरावलेला मॅकरेल आणला. कातडं, काटे काढून बोटांनी कुस्करला. त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, फ्रोझन ओलं खोबरं आणि कोकमाचं आगळ. मीठ अजिबात नाही, मासा मुळातच खारट असतो. काकडीचे बोटभर जाड तुकडे केले, मधला गर चमच्याने काढला आणि बूड राखून वाट्या केल्या. भरायच्या मात्र बेल वाजल्यावर. आधी भरल्या तर कांद्याला पाणी सुटतं आणि ताटात तळं होतं. हे मी आदल्या दिवशी करून बघितलं म्हणून कळलं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “पावण्यांका किसमूर? अगो, ती पेजेवांगडा खावची!” म्हणजे पेजेबरोबर खायची.

चाळीस वाट्या केल्या होत्या, साडेसहाला ताट रिकामं. एकीने आगळाबद्दल विचारलं, तर मी कोकमावर दहा मिनिटं बोलले, जरा जास्तच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी सहा खाल्ल्या. चिठ्ठी त्यांचीच असेल असं मी म्हणत नाही, पण अक्षर ओळखायला म्हणून कृती त्यांच्याकडून लिहून घ्यावी असं मनात आलं होतं. नाही घेतली.

सात वाजून पाच मिनिटांनी घर रिकामं. फ्रीजमध्ये दोन ताजे मॅकरेल मसाला लावून ठेवलेच होते. रव्यात घोळवले, तवा ठेवला आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.