अळीचं पीठ माशांना घालताना

पनवेल-उरणकडचे तलाव असोत की शहापूर-मुरबाडची शेततळी, मत्स्यपालनात सगळ्यात जास्त पैसा खाद्यात जातो. फिशमील, म्हणजे सुक्या मासळीचं पीठ, महाग, आणि त्यात वाळू-मीठ किती मिसळलंय याची धास्ती कायम. म्हणून ब्लॅक सोल्जर फ्लाय या कचऱ्यावर वाढणाऱ्या काळ्या माशीच्या अळ्यांचं पीठ वापरून बघायची इच्छा अनेकांना होते. तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारामुळे भाजी-फळांच्या कचऱ्याला तोटा नाही, अळी वाढतेही झपाट्याने. गडबड होते ती पुढे.

आधी प्रोटीनचा आकडा. लॅबमध्ये नायट्रोजन मोजतात आणि 6.25 ने गुणून प्रोटीन काढतात. पण अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, आणि तो माशाच्या फारसा अंगी लागत नाही. अळीसाठी 4.76 ने गुणणं जास्त खरं. म्हणजे रिपोर्टात 42 टक्के लिहिलं असेल तर हिशेबात 32 धरा. किलोभर फिशमील काढून किलोभर अळीचं पीठ टाकणारा इथेच फसतो. त्यात मेथिओनिन हे माशाला लागणारं अमिनो ॲसिडही फिशमीलपेक्षा कमी.

वाढवण्याचं थोडक्यात: 60 बाय 40 सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये पाच दिवसांच्या 10,000 अळ्या, आणि 12 दिवसांत तीन हप्त्यांनी 15 किलो ओला कचरा. थर 5 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. कलिंगड-टोमॅटोचा कचरा पाणचट असतो, त्यात गव्हाचा कोंडा मिसळा. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंबच गळले पाहिजेत. जास्त ओलं झालं की तळ सडतो, घाण वास सुटतो आणि अळ्या क्रेटबाहेर चढू लागतात. फ्लॉवरच्या पाल्यावर कीटकनाशक राहिलं असेल तर अख्खं क्रेट मरतं, म्हणून नव्या ठिकाणचा कचरा आधी एकाच क्रेटला घाला. ओला-सुका एकत्र असलेला मिश्र कचरा नकोच, त्यातलं कॅडमियम हे विषारी धातू अळीच्या अंगात साठतं.

अळी फिकट असतानाच काढायची. काळी पडली की कायटिन वाढतं.

आता वाळवण. चाळलेल्या, धुतलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं टाका. हे टाळलं तर पीठ काळपट पडतं आणि जंतूही राहतात. मग ट्रे ड्रायरमध्ये 60 ते 65 अंशांवर, ओलावा 10 टक्क्यांखाली येईपर्यंत. अळी बोटांत कट्कन मोडली पाहिजे. वाकली तर परत आत. साधारण तीन किलो ओल्या अळ्यांचं एक किलो होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे गच्चीवर वाळवायचं नावही काढू नका. अर्धवट सुकलेल्या मालाला दमट हवेत बुरशी लागते, आणि तो खाद्यात गेला तर माशाच्या यकृताची वाट लागते.

सुक्या अळीत 30 टक्क्यांच्या वर चरबी असते. तशीच दळली तर चक्कीत लगदा चिकटतो, म्हणून गरम असतानाच तेलघाण्यातून तेल काढून घेतलेलं बरं. तरंगणारी गोळी करणाऱ्यांनी तर हे कराच: मिश्रणात चरबी जास्त झाली की एक्स्ट्रूडरमधून (गोळ्या पाडणाऱ्या यंत्रातून) गोळी फुगत नाही, पाण्यात टाकताच बुडते.

तिलापिया किंवा रोहूसाठी 10 किलो बुडणारं खाद्य, तेल न काढलेलं पीठ धरून: अळीचं पीठ 1 किलो, फिशमील 1, सोयाबीन पेंड 2.5, शेंगदाणा पेंड 1.5, तेल काढलेला भाताचा कोंडा 2.8, गव्हाचं पीठ 1, मिनरल-व्हिटॅमिन मिक्श्चर 200 ग्रॅम. प्रोटीन 30 टक्क्यांच्या आसपास बसतं. यात फिशमील शून्यावर आणायचा मोह होतो. आणू नका, वाढ मंदावते आणि एक किलो मासा करायला खाद्य जास्त लागतं, मग वाचवलेले पैसे तिथेच जातात.

जिताडा मात्र वेगळं प्रकरण. तो पक्का मांसाहारी, त्याला प्रोटीन 40 टक्क्यांच्या वर लागतं, आणि अळीच्या चरबीत लॉरिक ॲसिड भरपूर असलं तरी ईपीए-डीएचए ही ओमेगा-3 फॅटी ॲसिडं जवळजवळ नसतात. त्याच्या खाद्यात अळीचं पीठ 10 टक्क्यांच्या आत ठेवा आणि माशाचं तेल वेगळं घाला.