आठाचं बटण

मंगळवार पेठेतल्या गिरणीत दुपारी दळण आणायला गेलो होतो. सोळा किलो गहू, दर किलोला आठ रुपये. गिरणीवाल्या मामांनी कॅल्क्युलेटरवर १६ दाबले, चारनं गुणलं, मग परत दोननं.

"आठाचं बटण गेलंय वो," पीठ झाडत म्हणाले. "एक आठच गेलाय, बाकीचे नऊ हायत की."

बाकीचे नऊ म्हटल्यावर मला १२३४५६७९ आठवला. यातही आठ नाही.

आबा शाहूपुरीत गुळाच्या अडत (दलालीच्या) दुकानात दिवाणजी होते. सीझनला शाळा सुटली की मी तिथंच. गुळाच्या रव्यांच्या थप्प्या, पायाला चिकटणारी फरशी, गांधीलमाश्या (त्या चावत नाहीत असं आबा सांगायचे, चावायच्या), आणि गादीवर मांडी घालून बसलेले आबा. कंटाळलो की हिशेबाच्या कोऱ्या पट्टीच्या पाठीवर हा आकडा लिहून द्यायचे. "आवडता आकडा बोल." मी सात म्हटलं की, "सात नवं त्रेसष्ट. त्रेसष्टनं गुण." कोपऱ्यात हातचे लिहीत, जीभ बाहेर काढून मी गुणायचो. उत्तर ७७७७७७७७७. आबा मात्र नऊचा ताळा (अंकांच्या बेरजेवरून उत्तराची पडताळणी) घेतल्याशिवाय ते मान्य करायचे नाहीत. मुलाचं गणित असो नाहीतर मालकाची खतावणी, त्यांना दोन्ही सारखंच.

"यातला आठ कुठं गेला?" मी एकदा विचारलं.

"अडत कापून घेतली."

कितीतरी वर्षं मला ते खरंच वाटत होतं. पुढं कॉलेजात एका रटाळ तासाला वहीच्या मागच्या पानावर १ ला ८१ नं भागत बसलो. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… हाच आकडा, मध्ये शून्य ठेवून पुन्हा पुन्हा. खरं तर तिथं एक, दोन, तीन असे सगळेच ओळीनं येत असतात. नवापाठोपाठ दहा येतो, आणि त्याला एका घरात जागा नसते. त्याचा हातचा एक नवावर चढतो, नवाचे दहा होतात, तिथं शून्य उरतं आणि हातचा पुन्हा आठावर. म्हणजे आपण जो नऊ म्हणून वाचतो, तोच आठ. खरा नऊ बिचारा शून्य होऊन बसलाय. आबांना हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तरी त्यांनी आधी ताळा बघितला असता.

मामांचा कॅल्क्युलेटर मागून घेतला. बारा आकड्यांचा, बटणांच्या फटीत पीठ. १२३४५६७९ दाबले, गुणिले ७२, बरोबर. पडदाभर आठच आठ, नऊ वेळा.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघितलं.

"मग बटण कशाला दुरुस्त करू? एकशे अठ्ठावीस द्या."