आमची वाटचाल : सागवानी पॅटर्नपासून सिलिकॉनच्या साच्यापर्यंत

आम्ही नव्या वस्तूंची नमुना-मॉडेलं बनवतो. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमची सुरुवात सागवानी पॅटर्न, म्हणजे लाकडी नमुने, आणि अ‍ॅक्रिलिकच्या मॉडेलांवर झाली. पोलादी इंजेक्शन साच्यात पैसे घालण्याआधी नवं कव्हर, हँडल, स्विचचा डबा कारखानदाराला हातात धरून पाहायचा असतो. म्हणून ऑर्डर घेताना आजही आधी विचारतो : मॉडेल दाखवायला हवं, जोडून बघायला की चालवून बघायला?

वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचत वस्तू छापण्याच्या एफडीएम पद्धतीचं मूळ पेटंट २००९मध्ये संपलं, यंत्रं स्वस्त झाली, तेव्हा आम्हीही थ्रीडी प्रिंटिंगकडे वळलो. अशा छपाईतलं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं; मे महिन्यात बंद टेम्पोतून पाठवलेलं कव्हर पोचेपर्यंत वाकतं. चालवून बघायचे भाग त्यामुळे जास्त उष्णता सोसणाऱ्या एबीएस प्लॅस्टिकमध्ये. झाकण अडकवणारा खटका उभा छापला की थरावर तुटतो, म्हणून आडवा छापायचा. झाकणाला चारी बाजूंनी ०.२ ते ०.३ मिमी मोकळीक सोडायची.

खरा कस लागतो १५-२० नग मागितले की. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये एक मास्टर, म्हणजे ज्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा तो मूळ नमुना, छापतो, ३२०पासून १०००पर्यंतच्या वॉटर पेपरने घासतो. इथे घाई चालतच नाही, कारण सिलिकॉन नखाची रेघसुद्धा उचलतं. मग चौकटीत टांगून भोवती १५ मिमी तरी सिलिकॉन बसेल असं ओततो. ओतण्याआधी व्हॅक्यूममध्ये हवा काढावी लागते; ते फुगून वर येतं, म्हणून भांडं चौपट मोठं घ्यायचं.

सुरुवातीला साचा उघडला की मास्टरलगतचं सिलिकॉन चिकटच राहिलेलं असायचं. सिलिकॉन जुनं असेल असं वाटलं, पण दोष मास्टरचा होता. अर्धवट पिकलेलं, म्हणजे पुरतं घट्ट न झालेलं, रेझिन प्लॅटिनम सिलिकॉनला (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला) घट्ट होऊ देत नाही; लेटेक्सच्या हातमोज्यांमधलं गंधकही तेच करतं. आता मास्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतो, यूव्ही (अतिनील) प्रकाशाखाली पुरता पिकवतो, ६० अंशांवर काही तास ठेवतो, वर लॅकरचा हात देतो. हातमोजे नायट्राइलचे. तरीही नव्या रेझिनचा आधी छोटा तुकडा सिलिकॉनमध्ये बुडवून बघतोच.

साचा सुरीने नागमोडी कापायचा, म्हणजे दोन्ही अर्धी आपोआप जागेवर बसतात. त्यात पॉलियुरेथेन हे द्रवरूप प्लॅस्टिक ओतून साधारण २० नग निघतात. पुढे खटक्याच्या खाचेत सिलिकॉन फाटू लागतं. मास्टर सांभाळून ठेवलेला असतो, त्यावरून दुसरा साचा ओततो.