पाऊस आत आला आणि रोबो अडून बसले

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या गोडाऊनला मरणाची घाई. लाइटच्या माळा, मखराचं सामान, मोदकाचे साचे, निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ऑर्डरी सगळ्या एकदम. त्यात बेळगावचा पाऊस. मी हितं रोबोंची देखभाल बघतो.

आमचे रोबो चपटे असतात, ते वस्तू उचलत न्हाईत, रॅकच्या खाली शिरून अख्खं रॅकच उचलतात आणि पिकिंगच्या, म्हणजे ऑर्डरीचा माल काढणाऱ्या, मावशींसमोर आणून उभं करतात. ही आयडिया अमेरिकेतल्या किवा कंपनीची, २०१२ ला अॅमेझॉननं ७७.५ कोटी डॉलर मोजून ती कंपनीच घेतली आणि पुढं बाहेर विकायचं बंद केलं, मग बाकीच्यांनी आपापले काढले, आपल्या ग्रेऑरेंज कंपनीचा बटलर रोबो त्यातलाच. मावशींची दिवसभराची चालाचाल वाचली हे खरं, पण रॅकावर रॅक येतच राहतंय, पाणी प्यायला हलायचं कधी, हे डेमोत कोण सांगत न्हाई.

तर दुपारी एक रोबो थांबला, मागं लाईन लागली. फरशीवर चौकोनाचौकोनात क्यूआर स्टिकर आहेत, रोबोच्या पोटाखालचा कॅमेरा ते वाचतो आणि आपण कुठं आहोत ते समजून घेतो. पत्र्याच्या जॉइंटमधनं पाणी गळून तीन-चार स्टिकरवर साचलेलं, उजेड चमकायला लागला, वाचता येईना, मग तो थांबला. बरोबरच केलं त्यानं, अंदाजानं चालला असता तर रॅक घेऊन कुठंतरी धडकला असता. पण पुसायला आत जायचं म्हणजे रोबोंच्या भागाचं गेट उघडायचं, गेट उघडलं की त्या भागातले सगळे रोबो सेफ्टीसाठी बंद. पुसून बाहेर आलो की परत थेंब.

आमचे एक मामा आहेत, आधी रविवार पेठेत होलसेलच्या दुकानात होते. म्हणाले, "लिस्ट दे गा, हातानं काढून आणतो." सगळं थांबवून सोडलं आत. थोड्या वेळानं हात हलवत आले. मोदकाचा साचा एका कप्प्यात, शेजारी मोबाईलचं कव्हर, खाली बेबी पावडर, कारण माल जागा मिळेल तिथं ठेवलेला, कुठं काय हे फक्त सिस्टीमला माहीत. बरं, सिस्टीमनं जागा सांगितली तरी ते रॅक मधोमध, चारी बाजूंनी दुसरी रॅकं चिकटून, माणसानं जायला बोळच ठेवलेला न्हाई. आणि सकाळचं रॅक दुपारी त्याच जागी असंल असंही न्हाई, ज्याला मागणी जास्त ते पुढं येत राहतंय. मामा म्हणाले, "पेठेत डोळे झाकून माल काढायचो की, हितं डोळे उघडून बी घावंना."

मला वाटायचं, रोबो बंद पडले तर माणसं हायतच की. त्या दिवशी कळलं, ह्या मांडणीत माणसाला वाटच ठेवलेली न्हाई.

शेवटी अडकलेल्या रॅकातला माल उतरवून ते आणि रोबो दोन्ही तिघांनी कोरड्यात सरकवले, आणि ओले चौकोन सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक केले, म्हणजे रोबोंच्या लेखी तिथं भिंतच. ते वळसा घालून जायला लागले, स्पीड पडला, पण चाललं. कोल्हापूरची गाडी रात्री उशिरा सुटली, काही ऑर्डरी दुसऱ्या दिवशी गेल्या. पत्रेवाला मात्र दोन दिवसांनी उगवला, त्याच्याही घरात गणपतीच होता.